मानपत्राचं शुद्धिपत्र

लातूरला सरांच्या खोलीत गेलं की उजव्या भिंतीवर एक मानपत्र दिसतं. सोनेरी काठ, वरच्या दोन कोपऱ्यांत समया, मधोमध सरांचा फोटो. त्यात एकूण पंधरा वाक्यं आहेत. चौदावं वाक्य असं आहे : ‘समूहाच्या सर्व कामांत सरांचा निर्णय तहहयात अंतिम राहील.’ हे वाक्य मी लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून लिहिलं नाही, मनापासून लिहिलं. पुढं जे झालं त्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग सरांबद्दल बोलताना माझा आवाज दबणार नाही.

यात मी कुणाचंच नाव घेणार नाही. भांडण एका नावावरून झालं, आणि ज्यांचं ते नाव होतं त्यांनीच मला सांगितलं, “लिहायचं तर लिही, पर नावं नको. वळखणारे वळखतील.”

माझे वडील कंधारच्या बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी नांदेडला कम्प्युटरच्या बी.एस्सी.ला होते, आणि प्रॅक्टिकलला तिघीत एक कम्प्युटर यायचा. दुसऱ्या वर्षी लातूरहून एक सर व्याख्यानाला आले. त्यांनी सांगितलं, कम्प्युटरचा प्रोग्रॅम म्हणजे बंद डबा असायला नको. तो उघडून बघता यावा, बदलता यावा, त्याची नक्कल शेजाऱ्याला देता यावी. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात आणि जगभर त्याची चळवळ आहे. मी दोन प्रश्न विचारले. व्याख्यान संपल्यावर सर म्हणाले, “रविवारी लातूरला ये. फी नाही.”

वडील नको म्हणाले. अनोळखी माणूस, परकं गाव, एकटी मुलगी. मी सरांना तसं फोनवर कळवलं आणि विषय सोडून दिला. त्या आठवड्यात सर स्वतः कंधारला आले, लातूरहून दोन एसट्या बदलून. दुकानात खुर्ची नव्हती, ते पान्ह्यांच्या लाकडी पेटीवर बसले. वडील ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते आणि सर त्यांच्याबरोबर बुडबुडे बघत होते.

“तुम्ही सायकल विकत घेतली,” सर म्हणाले, “तर ती उघडून बघायला कंपनीची परवानगी लागते का?”

“कशाला लागंल?”

“बस. कम्प्युटरचंही असंच पाहिजे, एवढंच मी मुलांना शिकवतो.”

वडिलांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि चहा सांगितला. मला वर्षभर कॉलेजात जे नीट कळलं नव्हतं ते त्यांना एका वाक्यात कळलं. जाताना सर म्हणाले, “तुमची मुलगी रविवारी माझी जबाबदारी.” त्यानंतर तीन वर्षं मी जवळजवळ प्रत्येक रविवारी लातूरची पहिली एसटी धरली.

सरांनी काय केलं ते खोटं ठरवायला मी हे लिहीत नाही. लातुरात क्लासमध्ये शिकवलं असतं तर त्यांनी बंगला बांधला असता. ते सोडून ते कचेऱ्यांनी भंगारात काढलेले कम्प्युटर गोळा करायचे, दोनातून एक उभा करायचे आणि आमच्यासारख्यांना शिकवायचे. आज मी नांदेडला ज्या नोकरीत आहे ती त्या खोलीतून मिळाली. मुलाखतीत मला जे विचारलं ते सगळं मी तिथं हातानं केलं होतं.

सरांच्या खोलीत जमणाऱ्या आमच्या समूहाचं मुख्य काम एका कन्व्हर्टरचं होतं. जुन्या काळातल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कम्प्युटरवर उघडला की नुसत्या खुणा दिसतात. साप्ताहिकं, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांच्या स्मरणिका, सगळं असं अडकून पडलेलं. आमचा प्रोग्रॅम तो मजकूर आजच्या अक्षरांत आणायचा. सांगाडा सरांनी लिहिला होता, पण शब्द मधेच मोडायचे. कुठं मोडतात आणि का, ते आम्हाला सापडत नव्हतं.

ते ताईंनी शोधून दिलं. ताई मूळच्या हदगावच्या. नांदेडच्या एका छापखान्यात त्या पंधरा वर्षं डीटीपी करत होत्या : लग्नपत्रिका, मंगल परिणयाच्या पत्रिका, पावती पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. आमची एक सभा लातूरला आणि पुढची नांदेडला, असं चालायचं. नांदेडच्या एका सभेला त्या दोन वह्या घेऊन आल्या. कोणत्या फॉन्टमध्ये कोणती कळ दाबली की काय उमटतं आणि कशाला काय जोडलं की मोडतं, हे त्यांनी पेन्सिलीनं पानंच्या पानं लिहिलं होतं.

“मला प्रोग्रॅमिंग येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर कुठं मोडून राहिलं ते मला डोळे झाकून सांगता येतंय.”

त्या वह्यांचा तक्ता करून तो प्रोग्रॅममध्ये घालायचं काम माझ्याकडं आलं. मला तीन महिने लागले. तक्ता आत गेला आणि कन्व्हर्टर खरोखर चालू लागला. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल असते, त्यात काम करणाऱ्यांची नावं असतात. आमच्या यादीत पहिलं नाव सरांचं होतं, तिसरं ताईंचं. ताईंनी स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढला. छापखान्यात हजारो लोकांची नावं त्यांनी टाइप केली होती, पत्रिकेवर खाली त्यांचं स्वतःचं कधी आलं नव्हतं.

आता त्या मानपत्राबद्दल. समूहाला दहा वर्षं झाली तेव्हा सरांचा सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. माझी मराठी बरी म्हणून मजकूर माझ्याकडं आला. मी कुठंतरी वाचलं होतं की परदेशात मोठ्या प्रोग्रॅमच्या संस्थापकाला ‘दयाळू हुकूमशहा, तहहयात’ असं म्हणतात. ती प्रोग्रॅमरांची आपापसातली थट्टा आहे, हे मला कळलं नाही. आमच्याकडं अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदं असतात, त्यांच्याही वरचं हे एक पद असणार असं मला वाटलं. हुकूमशहा हा शब्द बरा दिसेना म्हणून तो मी काढला, आणि बाकीचं सगळं आदरानं चौदाव्या वाक्यात बसवलं.

मानपत्राची अक्षरं जुळवली ताईंनीच. त्या वाक्याशी आल्या आणि थांबल्या.

“तहहयात? येवढं तर निजामानं पण लिहून घेतलं नसंल गं.”

“ताई, सर आहेत आपले.”

“हाव, सर तर हायेत,” त्या म्हणाल्या आणि सोनेरी काठ लावला.

सत्काराच्या दिवशी मी ते वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे भरून आले होते. माझेही.

सरांची जीभ आधीपासून तशीच होती. कम्प्युटरला द्यायचा आदेश चुकीचा टाइप करणाऱ्या मुलीला ते म्हणायचे, “पोळ्या लाटणाऱ्या हातांना कीबोर्ड सोसत नाही.” एकीला दर रविवारी तिला कसा नवरा मिळेल ते सांगायचे. एकीच्या ओढणीवरून सगळ्यांसमोर बोलले. आम्ही हसायचो. मीही हसायचे, आणि ते हसणं मला आता पुसता येत नाही. मला वाटायचं, माणूस मोठा आहे, स्वभाव फटकळ आहे, एवढंच. मग सर नांदेडला घ्यायचे त्या वर्गातल्या दोन मुली यायच्या बंद झाल्या. का बंद झाल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही, ताईंना सांगितलं. मी हसणाऱ्यांतली होते, मला कशाला सांगतील?

त्याच सुमारास परदेशात चळवळीतल्या एका फार जुन्या पुढाऱ्यावरून वाद पेटला होता. त्यांच्या बोलण्यावागण्याबद्दल तक्रारी होत्या. त्यांनी वरच्या जागेवर राहावं की नाही यावर लोक दोन बाजूंनी पत्रं काढून सह्या गोळा करत होते. आपण कुणाच्या बाजूनं सही करायची, म्हणून नांदेडला सभा झाली. दोन तास आम्ही बोललो. एक म्हणाला, त्या माणसानं पाया घातला नसता तर आपण इथं नसतो. दुसरा म्हणाला, पाया घातला म्हणून वरच्या मजल्यावरच्यांना काहीही बोलायचं का? ज्याला आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं त्या माणसावर आम्ही एकमेकांवर ओरडत होतो, आणि समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. शेवटी सर बोलले. ते नेहमीप्रमाणे छान बोलले. “माणसापेक्षा तत्त्व मोठं,” ते म्हणाले.

ताईंनी हात वर केला.

“मग सर, आपल्या इथं पण चार नियम लिहू. वर्गात पोरींशी कसं बोलायचं त्याचे. आन ते तुम्हाला बी लागू.”

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या.

“ताई,” सर हसून म्हणाले, “तुम्ही आपलं फॉन्टचं बघा.”

दोघातिघांनी हसून साथ दिली.

“तेच बघून राहिले सर,” ताई म्हणाल्या. “मोडलेलं दिसलं तर मी सांगत असते. आताही सांगितलं.”

बुधवारी सगळ्यांना सरांचा मेल आला. सुरुवातीलाच माझं चौदावं वाक्य होतं, जसंच्या तसं. त्याखाली निर्णय : ताईंचं सभासदत्व रद्द. आणि कोड न लिहिणारी व्यक्ती सहभागी ठरत नाही, म्हणून यादीतून त्यांचं नाव कमी. मेल वाचतानाच सरांचा फोन आला.

“त्यांचा तक्ता काढून टाक. तू नव्यानं लिही, तुझ्या नावावर. तुला सगळं पाठच आहे.”

माझ्यासमोर तो मेल अजून उघडाच होता.

“मी कंधारला आलो होतो ते उगाच नाही,” सर म्हणाले.

“हो सर,” मी म्हणाले.

आणि मी खरंच बसले. फाइल उघडली. वरच्या अकरा ओळी पुसल्या आणि त्याच ओळी थोडा क्रम बदलून पुन्हा लिहिल्या. बाराव्या ओळीला ताईंनी वहीत काय लिहिलं होतं ते आठवलं : ‘हे जोडाक्षर मोडतं, हमखास. श्राद्धाच्या पत्रिकेत लई त्रास दिला.’ मला ते पाठ होतं हे सरांचं खरं होतं. पण पाठ असणं आणि माझं असणं यात फरक आहे, हे सांगायला मला कुणी लागलं नाही. मी पुसलेलं परत आणलं आणि छापखान्यात गेले.

ताई पत्रिका जुळवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “काढलंस?”

“नाही.”

“काढ की मग. तुला सर हायेत, नोकरी हाय. मला काय, ही पत्रिका झाली की दुसरी हाय.” मग त्यांनी माउस सोडला. “माझं नाव तू फायलीतून काढशील. त्या दोन पोरी कुठून काढशील? त्या तर कुठं लिहिल्याच न्हाईत.”

 

शनिवारी कंधारला गेले. वडील चाकाच्या तारा ताणत होते. मी पेटीवर बसले आणि सगळं सांगितलं, हसायचे तेही सांगितलं. त्यांनी चाक एकदा फिरवून पाहिलं.

“सर लई मोठा माणूस हाय,” ते म्हणाले. “त्यांनी तुला उभं केलं. त्यांच्याशी वाकडं बोललीस तर मला बरं वाटणार न्हाई.”

“मलाही नाही वाटणार.”

“ते मला इथं बसून म्हणले होते, सायकल उघडायला परवानगी लागत न्हाई. ते खोटं व्हतं का?”

“खरं होतं.”

“मग आता कोणाची परवानगी मागून राहिलीस?”

मला लाजल्यासारखं झालं. वडिलांना जे कळत होतं ते मी सर्टिफिकेट घेऊन विसरले होते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाच असा असतो की कुणीही पूर्ण नक्कल घ्यावी आणि आपल्या मार्गानं जावं, तेही कुणाला न विचारता. फक्त ज्यांनी काम केलं त्यांची नावं पुसायची नाहीत. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि आता ते मोडत होते सरच.

छापखान्यात एक रीत आहे. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर पुस्तक फाडत नाहीत. एक छोटी पट्टी छापून आत चिकटवतात, ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे’. त्याला शुद्धिपत्र म्हणतात. मी मजकूर लिहून ताईंकडं नेला. ताईंनी तो दोनदा वाचला आणि मानपत्राची जुनी फाइल उघडली.

“काठ तोच घेऊ,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर वाटंल दुसऱ्या कुणी छापलं.”

“तुम्ही याल ना ताई सभेला?”

“मला काढलंय.” त्यांनी प्रिंटरमध्ये सत्काराच्या वेळचाच जाड कागद घातला. “सभासद म्हणून काढलंय. छापणारी म्हणून कोण काढणार? येते.”

लातूरच्या सभेला वीसेक जण होते. ताई सगळ्यात मागं, दाराशी बसल्या. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सभा सुरू झाल्यावर मी उभी राहिले आणि वाचलं :

“शुद्धिपत्र. मानपत्रातील चौदाव्या वाक्यात ‘सरांचा निर्णय तहहयात अंतिम राहील’ याऐवजी ‘सरांचे मत इतर प्रत्येक सभासदाच्या मताइतकेच राहील’ असे वाचावे. चूक मजकूर लिहिणारीची आहे.”

कागद मी सरांसमोर ठेवला. त्यांनी तो उचलून काठ बघितला.

“हे तू लिहिलंस, की कुणी लिहून घेतलं?”

“मानपत्रही मीच लिहिलं होतं सर. तेव्हा तुम्ही हे विचारलं नव्हतं.”

“दिलेला मान परत घेतात का?”

“मान तसाच आहे. बाकीच्या चौदा वाक्यांना मी हात लावलेला नाही.”

समूहातले एक जुने काका, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले, “अगं पोरी, या माणसानं तुला घडवलं. थोडी तरी जाण ठेव.”

“आहे काका. चूक दिसली तर नुसती ओरड करायची नाही, दुरुस्ती लिहून सोबत जोडायची, हे मी याच खोलीत शिकले. दुरुस्ती घेऊन आलेय.”

कुणीतरी हसलं.  टेबलाची कड धरली होती ती मी सोडली नाही.

“हे माझ्या भिंतीवर लागणार नाही,” सर म्हणाले.

“भिंत तुमची आहे सर. कन्व्हर्टर सगळ्यांचा आहे. त्याची पूर्ण नक्कल मी काल घेतली. त्यात ताईंचा तक्ता आहे, ताईंचं नाव आहे. ते चार नियमही त्यात असतील. ज्यांना तिकडं काम करायचंय त्यांनी यावं. नाही आलं कुणी तर आम्ही दोघी आहोत.”

“दोघी,” सर म्हणाले. ते हसत होते, पण त्यांना हसू आलेलं नव्हतं. “एक पत्रिका छापणारी आणि एक तू. किती दिवस चालेल?”

मागून ताई म्हणाल्या, “सर, तुमचं इतक्या वर्षांचं अडकलेलं मराठी दोन वह्यांनी सुटलं. वह्या अजून हायेत माझ्याकडं.”

आम्ही निघालो तेव्हा आमच्या मागून चार जण आले. त्यातला एक पुढच्या महिन्यात सरांकडं परत गेला. बाकीचे आहेत. त्या दोन मुली आलेल्या नाहीत. एकीला मी स्वतः फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे मॅडम,” आणि फोन ठेवला. ठीक झालेलं नाही हे मला कळलं. नियमांची फाइल मात्र आता यादीच्या शेजारीच आहे आणि नव्या येणाऱ्याला पहिल्याच दिवशी वाचून दाखवतो. सगळ्यांना लागू, असं पहिल्याच ओळीत आहे.

शुद्धिपत्र सरांनी लावलं नाही. मानपत्र अजून त्याच भिंतीवर आहे असं काकांकडून कळतं. असू दे. ज्यांनी त्या दिवशी ऐकलं त्यांना ते वाक्य आता नुसतं तसंच वाचता येणार नाही.

गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी सरांचा निरोप आला. एकच ओळ होती. ‘तुमच्या त्या नकलेच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. काढून टाक.’

मी ताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “तुझं तू बघ.”

मी ज्या दिवशी “हो सर” म्हणाले होते तो दिवस आठवला. मग उत्तर लिहिलं. ‘सर, नमस्कार. सांगाडा तुमचा आहे. काम करणाऱ्याचं नाव कुणाच्याही सांगण्यावरून पुसायचं नाही, तुमच्यासुद्धा नाही, हे मी तुमच्याकडून शिकले. नाव पहिलंच राहील.’

त्यांचं पुन्हा काही आलं नाही. यादी उघडली की अजून तसंच दिसतं : वर सर, तिसऱ्या ओळीत ताई.